गणिताचं काय करायचं?

गेल्या वर्षी दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यातली गोष्ट. रात्रीचे जेवण आटोपले होते. आमच्या अंबरनाथच्या घरात बाहेरच्या खोलीत एकच टेबल आहे. त्यावर अकरावीचा अर्ज भरण्यासाठी लेक मोबाइल घेऊन बसली होती. विज्ञान शाखा ठरलेली होती. डॉक्टर व्हायचे हेही तिने सातवीपासून ठरवलेले. अडले ते एकाच ठिकाणी.

"अम्मी, मी गणित सोडते. डॉक्टरला गणित कशाला लागतं?"

तिचे अब्बू बदलापूरच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत. ते म्हणाले, "सोडू नकोस. राहू दे हाताशी." लेकीने माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोलले नाही, भांडी उचलून आत गेले. कारण हा प्रश्न आमच्या घरात पूर्वी एकदा येऊन गेला होता आणि त्याने माझ्या भावाची बरीच वर्षे खाल्ली होती.

भाईजान माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे. १९९६ साली त्यांनी बारावी दिली. तेव्हा नीट नव्हती, राज्याची सीईटीही आली नव्हती. एमबीबीएसचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असे. भाईजान वर्गात हुशार. अकरावीलाच त्यांनी गणित सोडले, म्हणजे सगळा वेळ भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला. गुण चांगले आले, पण शासकीय कॉलेजच्या यादीपर्यंत पोचले नाहीत. खासगी कॉलेजचा खर्च अब्बांना झेपणारा नव्हता. मग नाव घालायचे म्हणून बी.एस्सी.ला नाव घातले. मन लागले नाही, दुसऱ्या वर्षी कॉलेज सुटले. पुढे सगळीकडे कॉम्प्युटरचे दिवस आले. त्यांना त्या कोर्सला जायचे होते, पण तिथे बारावीचे गणित मागत होते. आज ते उल्हासनगरला कॅम्प ५ मध्ये जीन्सच्या कारखान्यात हिशेब सांभाळतात. डझनाचे भाव, धुलाईचा खर्च, कारागिरांची मजुरी, सगळे तोंडी. ज्यांनी गणित सोडले त्यांचे आयुष्य गणितातच गेले, असे भाभी हसत म्हणते. भाईजान हसत नाहीत.

म्हणून मी त्या रात्री गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी एक गोंधळ झाला. शिकागोला असलेल्या माझ्या मामेबहिणीने फोनवर सांगितले, "अगं, इकडे तर कुठलाही विषय घेऊन डॉक्टर होता येतं. माझ्या शेजारणीचा मुलगा इतिहास घेऊन शिकला आणि आता मेडिकलला आहे." लेकीचे डोळे चमकले. मला तिला समजावून सांगावे लागले की ते खरे आहे, पण तिथले आहे. अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकलला जात नाहीत. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा, मग मेडिकलची चार वर्षे आणि त्यानंतर रेसिडेन्सी. पदवीचा मुख्य विषय कोणताही चालतो, पण जीवशास्त्र, रसायन आणि भौतिक हे विषय त्याच काळात शिकून घ्यावेच लागतात. आपल्याकडे तो फाटा बराच आधी येतो. सोळाव्या वर्षी, अकरावीच्या अर्जावर.

मी स्वतः बी.एस्सी. करून डीएमएलटी केले. उल्हासनगरच्या एका लॅबमध्ये गेली अठरा वर्षे रक्त तपासते. त्यामुळे डॉक्टरांशी रोजचे बोलणे. त्या आठवड्यात मी ज्याला त्याला हाच प्रश्न विचारत सुटले. जे कळले ते इथे मांडते, कारण माझ्यासारख्या अनेक आयांना ते लागेल.

नीटला १८० प्रश्न असतात: भौतिक ४५, रसायन ४५ आणि जीवशास्त्र ९०. एकूण गुण ७२०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. गणित हा विषय तिथे नाही. पण भौतिकशास्त्राच्या ४५ प्रश्नांत गणित भरलेले आहे: त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, आलेख, थोडे कलन. कॅल्क्युलेटर मिळत नाही. २०२५ च्या परीक्षेत भौतिकशास्त्राने किती मुलांना रडवले ते आठवत असेल. म्हणजे गणित विषय म्हणून सोडता येते, पण गणितापासून सुटका होत नाही. आमच्या लॅबमध्येही पांढऱ्या पेशी हाताने मोजायच्या तर रक्त वीस पट पातळ करावे लागते आणि लाल पेशींसाठी दोनशे पट. तिथे गुणाकार चुकला तर रिपोर्ट चुकतो.

दुसरी गोष्ट. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवून सहा विषय घेणारी मुले असतात. त्यांच्यापुढे दोन्ही रस्ते राहतात, पण अभ्यासाचा वेळ वाटला जातो. काही जण बायफोकल घेतात. तो २०० गुणांचा विषय असतो. त्यात दुसरी भाषा सुटते आणि गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एकही सुटते. गुण वाढवायला ते बरे, पण काय सुटते ते पाहूनच घ्यावे.

तिसरी गोष्ट फार जणांना माहीत नाही. बारावीला जीवशास्त्र नसेल तर मेडिकलचा रस्ता कायमचा बंद, असे पूर्वी होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ साली ते बदलले. बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण केला तरी नीट देता येते. चूक सुधारायला जागा झाली.

हे सगळे ऐकून झाले तरी निर्णय होईना. रविवारी मी लेकीला घेऊन भाईजानकडे गेले. कारखान्याला सुट्टी होती. भाभीने चहा ठेवला. लेकीने सरळच विचारले, "मामू, गणित सोडल्याचा तुम्हाला पस्तावा होतो का?"

मला वाटले, ते विषय बदलतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"गणिताचा नाही होत, बेटा. मी विचारपूर्वक सोडलं असतं तर काही बिघडलं नसतं. पस्तावा दुसऱ्या गोष्टीचा होतो. आमच्या घरात कुणीच विचारलं नाही, की नाही झालं तर काय करशील? अब्बांनी नाही, सरांनी नाही. मीही नाही. असं विचारणं म्हणजे अपशकुन वाटायचा. सगळे दुआ करत होते. मग यादी लागली, त्यात नाव नव्हतं, आणि त्या दिवशी माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. बी.एस्सी. वाईट नव्हती. पण मी ती निवडली नव्हती. हरल्याची शिक्षा म्हणून घेतली होती."

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितले नव्हते. मी त्यांच्यामागून तीन वर्षांनी तीच बी.एस्सी. घेतली आणि तिच्यावर माझे घर उभे राहिले. एकच पदवी होती. मला ती मिळाली होती, त्यांच्या गळ्यात ती पडली होती.

परत येताना उल्हासनगर स्टेशनवर बदलापूर लोकलला गर्दी होती. लेक दाराजवळ न बोलता उभी होती. घरी आल्यावर तिने वहीतला एक कागद फाडला आणि त्यावर रेघ मारली. डावीकडे लिहिले, "झालं तर". उजवीकडे, "नाही झालं तर".

डावी बाजू सोपी होती. एमबीबीएस साडेचार वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत आमचे अंबरनाथही आहे, १०० जागांचे. आपल्या गावात आता मेडिकल कॉलेज आहे म्हणून शेजारपाजारी फार आनंद आहे. पण गावातल्या मुलांना त्यात वेगळी जागा नाही. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या, उरलेल्या ८५ टक्के साऱ्या राज्याच्या. नीटचे गुणच लागतात.

उजवी बाजू भरायला आम्हाला आठ दिवस लागले. दंतवैद्यक, बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस या सगळ्यांना नीटच लागते. फिजिओथेरपीलाही आपल्या राज्यात नीटचेच गुण धरतात. बी.एस्सी. नर्सिंगला वेगळी सीईटी आहे. बी.फार्मला एमएचटी-सीईटी, तीही जीवशास्त्राच्या गटातून देता येते. गणित नसलेल्या मुलांना पहिल्या सत्रात गणिताचा एक छोटा विषय शिकवतात. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी आहेतच. युनानीचा विषय आमच्या नातलगांत आपोआप निघाला. मुंबईला वर्सोव्यात अंजुमन-इ-इस्लामचे, पुण्यात आझम कॅम्पसमध्ये आणि मालेगावला युनानी महाविद्यालये आहेत. पण तिथे उर्दूचा प्रश्न येतो आणि माझी लेक मराठी माध्यमाची. कुरआन वाचते, उर्दू वाचता येत नाही. नानी म्हणाली, "मी शिकवते की, रोज मगरिबनंतर." तेही कागदावर आले.

मग तिने तिसरी ओळ स्वतःहून लिहिली: "गणित सोडलं तर बंद होणारे दरवाजे". इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, कॉम्प्युटरचे बरेच अभ्यासक्रम. त्याखाली लिहिले, "मला यातलं काहीच नको आहे. नीट झाली नाही तरी नको आहे." उजव्या बाजूला फिजिओथेरपी पहिली आणि मायक्रोबायोलॉजी दुसरी. पुन्हा परीक्षा द्यायची ती एकदाच, तीही पहिल्या वेळी गुण जवळपास आले असतील तरच. तिने गणित सोडले.

खरे सांगते, मला भीती वाटली. आजही वाटते. तिच्या अब्बूंचे तोंड दोन दिवस उतरलेले होते. पण भाईजानांनी तो कागद हातात घेऊन नीट वाचला, घडी घालून तिला परत दिला आणि म्हणाले, "माझ्याकडे हा कागद नव्हता."

लेक आता बारावीला आहे. भौतिकच्या गणितांसाठी दहावीचे त्रिकोणमितीचे पुस्तक पुन्हा काढले आहे. चाचण्यांचे गुण कधी वर, कधी खाली. डॉक्टर होईल की नाही, अल्लाह जाणे. पण कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू तिच्याच अक्षरात आहेत.

ज्या घरांत यंदा दहावीची मुले आहेत त्यांना दोन गोष्टी सांगते. कागदपत्रे आत्ताच काढायला घ्या. बागवान, मोमीन, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या कुटुंबांनी जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर, तर बाकीच्यांनी पात्र असल्यास ईडब्ल्यूएसचा दाखला. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या या घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. दाखला वेळेत नसेल तर ही सवलत हातची जाते.

आणि दुसरी गोष्ट. मुलांसाठी दुआ तर आपण करतोच. पण एकदा त्यांना जवळ बसवून विचारा, "नाही झालं तर काय करायला आवडेल?" त्यात अपशकुन काही नाही. आमच्या घरात हा प्रश्न तीस वर्षे उशिरा विचारला गेला.