करार, करारनामा आणि करंज्यांचा डबा

'करार' हा शब्द मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलाय, की त्याचा अर्थ कुणाला विचारावा असं कधी वाटलंच नाही. बायबलचे दोन भाग, जुना करार आणि नवा करार. जुन्यात ३९ पुस्तकं, नव्यात २७. संडे स्कूलमध्ये ही नावं पाढ्यांसारखी पाठ करून घ्यायचे. शिक्षकांनी विचारलं की घडाघडा म्हणायची आणि बक्षीस म्हणून पेन्सिल घेऊन घरी यायचं. संपला विषय.

या शब्दाशी खरी गाठ पडली ती चर्चमध्ये नाही, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात.

२०२२ मध्ये पप्पा गेले. आई आधीच गेली होती. राहिलं नगरचं (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर) घर आणि आम्ही दोघं भावंडं. आम्हा ख्रिस्ती लोकांना वारसाहक्कासाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि त्यात मुलगा-मुलगी समान. पण दादा म्हणाला, "तू हक्कसोडपत्र करून दे, कागद एका नावावर असलेले बरे. घर कुठे जातंय? मागची खोली तुझीच." मी करून दिलं. फोटो काढला, अंगठ्याचा ठसा दिला, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. मागच्या खोलीचं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. सख्ख्या भावाकडून असलं काही लिहून घेतात का?

दीड वर्षाने मावशीचा फोन आला. "अगं, तुमचं घर पाडतायत."

म्हणजे गंमत बघा. कागदावरचा करार तंतोतंत पाळला गेला. मोडला तो तोंडचा. त्यानंतर मी दादाला फोन केला नाही, त्यानेही नाही. (आमचे बरेच नातेवाईक हा ब्लॉग वाचतात. त्यांना हे सगळं माहीतच आहे, म्हणून लिहायला संकोच नाही.)

आता परवाची गोष्ट. महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन. पाळकांनी प्याला उचलला, नेहमीचे शब्द म्हटले आणि त्यातला 'नवा करार' हा शब्द एकदम खड्यासारखा लागला. हातात तो इवलासा ग्लास, आणि मनात चिडचिड. कसला करार? आपण काय करार पाळणारी माणसं आहोत?

घरी येऊन बायबल काढलं. या वेळी पाठांतरासाठी नाही.

आधी शब्दच घ्या. 'करार' आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. मूळ अर्थ स्थिरपणा, ठरलेपण. म्हणून तर हिंदी गाण्यांतला नायक 'बेकरार' असतो, त्याच्या जिवाला थारा नसतो. हिब्रूत शब्द आहे 'बरीत', आणि हिब्रूत करार 'करत' नाहीत, 'कापतात'. का, ते उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात दिसतं.

देव अब्रामाला देश द्यायचं वचन देतो. अब्राम विचारतो, कशावरून? मग देव त्याला कालवड, शेळी, एडका, होला आणि पारवा आणायला सांगतो. अब्राम जनावरं मधोमध चिरून अर्धुकं समोरासमोर मांडतो. त्या काळी करार करणारे अशा तुकड्यांमधून चालत जायचे. मी शब्द मोडला तर माझं असंच होवो, असा त्याचा अर्थ. यिर्मयाच्या पुस्तकातही असं वासरू कापून केलेला करार आहे. यरुशलेमच्या बड्या मंडळींनी तो करून गुलामांना सोडलं आणि नंतर त्यांनाच परत धरून आणलं!

तर अब्राम तुकडे मांडून बसलाय, गिधाडं हाकलतोय. सूर्य मावळतो आणि त्याला गाढ झोप लागते. अंधारात धुमसती शेगडी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. म्हणजे देवच जातो. एकटा. दुसरा पक्ष झोपलाय!

ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली असेल, पण या झोपेकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. निबंधकाच्या ऑफिसात एक पार्टी पेंगत असेल तर साहेब कागद फेकून देतील.

पुढे हा करार ग्रीकमध्ये नेताना भाषांतरकारांपुढे दोन शब्द होते. 'सुन्थेके' म्हणजे दोन पक्षांनी मिळून ठरवलेला व्यवहार, आणि 'दियाथेके', ज्याचा रोजच्या ग्रीकमधला अर्थ मृत्युपत्र. त्यांनी दुसरा घेतला. देणाऱ्याने आपल्या मनाने देऊन टाकायचं, घेणाऱ्याने घासाघीस करायची नाही. घराच्या भानगडीतून नुकतीच बाहेर पडलेली मी, हे वाचून जरा वेळ गप्प बसले.

पण म्हणजे माणसावर काहीच जबाबदारी नाही, असं नाही. सीनाय पर्वतापाशी लोकांनी 'सगळं पाळू' म्हणून एकमुखाने कबूल केलं होतं. मोशे चाळीस दिवस वर राहिला तेवढ्यात त्यांनी सोन्याचं वासरू केलं. मोशेने दगडी पाट्या फोडल्या. आपल्या हिशेबाने इथे संपायला हवं होतं. अटींचा भंग, करार रद्द. पण देव म्हणतो, दुसऱ्या पाट्या घडवून आण.

आणि तरी तो 'जाऊ दे' म्हणत नाही. पुढचे सगळे संदेष्टे वाचा, पानोपानी भांडण आहे. तुम्ही गरिबाला लुबाडलंत, विधवेला न्याय दिला नाहीत, मला विसरलात. मला वाटतं, करारनाम्यात आणि करारात फरक आहे तो इथे. करारनामा मोडला की संबंध संपतो. करार मोडला की भांडण सुरू होतं, आणि भांडण आपल्याच माणसाशी असतं.

मग तो प्याला. लूकच्या शुभवर्तमानात नव्या कराराचा प्याला देऊन झाल्याबरोबर येशू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात याच मेजावर आहे. लगेच शिष्यांचा वाद सुरू होतो, आपल्यात मोठा कोण! थोड्या वेळाने पेत्राला सांगितलं जातं की कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. म्हणजे पाळणारी माणसं मिळाली म्हणून हा करार झालाच नाही. पाळणार नाहीत हे ठाऊक असताना झाला, आणि या वेळी जनावर चिरलं नाही. जो तुकड्यांमधून चालला होता, त्याने स्वतःच ते भोगलं. चर्चमध्ये मी चिडून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या मेजावरच होतं.

एक सांगते. यावरून कुणी कुणाला 'तूच सोसत राहा' असा उपदेश करू नये. घरात मार खाणाऱ्या बाईला असे उपदेश करताना मी ऐकलंय आणि मला त्याची चीड आहे. देवाच्या करारात अन्यायाला अन्यायच म्हटलं जातं.

मीही म्हणणार आहे. दादाला मला विचारायचंय, माझी खोली विकताना निदान एक फोन का नाही केलास? पण विचारायचं तर आधी बोलायला हवं. दोन वर्षं मी त्याच्याशी भांडलेही नाही. करार रद्द, फाइल बंद, एवढंच केलं.

नाताळ दहा दिवसांवर आलाय. काल करंज्या तळल्या. दादा लहानपणी करंजीची कड मोडून आतलं सारण खायचा आणि रिकामं कवच माझ्या ताटात टाकायचा. आईचा मार खाऊनही ती सवय गेली नाही. माझा धाकटा दीर उद्या नगरला जातोय. त्याच्याबरोबर डबा पाठवतेय, वर चिठ्ठी ठेवून. 'कवचासकट खा. आणि फोन कर, भांडायचंय.'

फोन येईल की नाही, ठाऊक नाही. कदाचित दुसरा पक्ष झोपलेलाच असेल.

असो. डबा भरून झालाय.