थोडं येतं, पण थाट केवढा!

हाँगकाँगला निघालात? मग शॉपिंग लिस्टसोबत चार टोमणेही बॅगेत टाका. सेंट्रलमधले चकाचक टॉवर्स, डिझायनर ब्रँड्सनी भरलेले मॉल्स... अशा शहरात शायनिंग मारणारे असणारच. पण त्यांना जमिनीवर आणायला कॅन्टोनीज भाषाही तयारच बसलेली असते!

सुरुवात ‘सा चान’पासून. शब्दशः वाळू आणि धूळ. अर्थ? उगाच भाव खाणारा. मित्रांमध्ये बिल भरायची ऐपत नसताना शेठजी होणारा म्हणजे ‘चुंग दाय ताउ ग्वाय’, मोठ्या डोक्याच्या भुताचं सोंग घेणारा. बोलता बोलता पुस्तकी ज्ञान पाजळणारा ‘पाउ स्यू बाउ’ करतो, म्हणजे दप्तर भिरकावतो. अर्धवट ज्ञानी ‘बुन तुंग सोय’, अर्धी बादली पाणी. आपल्या उथळ पाण्याच्या खळखळाटाचा सख्खा भाऊच म्हणा ना!

सगळ्यात भारी ‘साय मेंग’. साय म्हणजे उन्हात वाळत घालणं, मेंग म्हणजे नशीब. नवी गाडी, परदेशी ट्रिप, बाळाचे पराक्रम, सगळं चारचौघांत पापडासारखं पसरून ठेवायचं! ऑफिसच्या लंच टेबलवर असं वाळवण तुम्हीही पाहिलं असेलच.

हे शब्द ऐकायचे तर फाइव्ह स्टार लॉबीत नको, ‘चा चान तेंग’मध्ये बसा. दुधाचा कडक चहा, मॅकरोनी सूप, टेबल अनोळखी लोकांबरोबर शेअर केलेलं. इथे कुणी थाट केला तर तो टिकायचा किती वेळ?

गंमत बाजूला ठेवली तर एक काळजीही आहे. 1997मध्ये हाँगकाँग चीनकडे गेलं आणि पुढे अनेक शाळांत चिनी हा विषय मँडरिनमधून शिकवला जाऊ लागला. घरी, बसमध्ये, बाजारात आजही कॅन्टोनीजच चालते. पण असले टोमणे पाठ्यपुस्तकात भेटत नाहीत. ते एका तोंडातून दुसऱ्या कानात जातात, तेवढेच जगतात. बोलणारी पोरं कमी झाली, तर शहराची फिरकी घ्यायची ही खास पद्धतही जाईल.

आता टिप. हे शब्द बॉसवर किंवा टॅक्सीवाल्यावर ट्राय करू नका. सूर सहा, एक चुकला की अर्थच बदलतो! त्यापेक्षा ‘सिक सिउ सिउ, बान दोय बिउ’ पाठ करा. थोडंसं येतं, पण आव प्रतिनिधी असल्याचा. चार शब्द शिकलेल्या टुरिस्टला याहून फिट काय बसणार? स्वतःकडे बोट दाखवून म्हणा. टेबलवरचे हसतील आणि पाचवा शब्द तेच शिकवतील.