तरलेल्यांची म्हण

‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण आपल्याला नेहमी काठावरून ऐकू येते. पाण्यातल्या माणसाने ती म्हटली असेलही, पण ऐकायला जवळ कोणी नव्हतं. गॅलरीतून पडलेलं पोर खालच्या ताडपत्रीत अडकतं, एसटी दरीत जाते आणि आपला माणूस नेमका आधीच्या थांब्यावर उतरलेला असतो, तेव्हा ती म्हटली जाते आणि देवापुढे साखर ठेवली जाते. एसटीतल्या बाकीच्यांचं काय, हे विचारायची ती वेळ नसते. मग ती वेळ कधी असते? माझ्या पाहण्यात तरी कधी आलेली नाही.

‘लाइफ ऑफ पाय’ पाहून बाहेर पडताना आमच्या मावशीने थिएटरच्या पायऱ्यांवरच ही म्हण उच्चारली. तिच्या मागून उतरणारे एक गृहस्थ ‘अगदी’ म्हणाले. त्यांची ओळख ना पाळख, पण दोघांचं एका क्षणात जमलं. नंतर हा चित्रपट पाहिलेली जी जी माणसं भेटली त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी आधी ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’ म्हटलं, मग ही म्हण. पारणं फिटलं हे कोणालाही मान्य व्हावं. अँग लीने 2012 साली जे दाखवलं, ते आमच्यासारख्यांनी त्याआधी पडद्यावर पाहिलं नव्हतं: रात्री आतून उजळलेला समुद्र, त्यातून उसळणारा अजस्र देवमासा, अख्खं आकाश पोटात घेऊन निजलेलं पाणी, उडत्या माशांचा मारा. पुदुच्चेरीचा पिसीन पटेल ऊर्फ पाय, त्याच्या वडिलांचं प्राणिसंग्रहालय, कॅनडाला निघालेलं जपानी जहाज, ते बुडणं, आणि मग एका नावेत हा पोरगा आणि बंगाली वाघ, 227 दिवस. वाघाचं नाव रिचर्ड पार्कर. पोरगा वाचतो. मावशीचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबरच आहे.

पण त्याच जहाजावर त्याचे आई, वडील आणि भाऊ होते.

सिसेरोने डायगोरस नावाच्या ग्रीक नास्तिकाची एक हकिगत लिहून ठेवली आहे. वादळातून वाचलेल्यांनी देवळात लावलेल्या नवसाच्या तसबिरी त्याला कोणी तरी कौतुकाने दाखवल्या. त्याने विचारलं, बुडालेल्यांच्या तसबिरी कुठे आहेत? प्रश्न बिनतोड आहे. बिनतोड प्रश्नात एक कोरडेपणाही असतो, तो त्यात आहे. मावशीला मी तो विचारला नाही. ती पदराने चष्मा पुसत होती.

या चित्रपटावरची तिसरी प्रतिक्रिया एका प्रश्नाच्या रूपात येते: वाघ खरा होता का? हा प्रश्न विचारणारे दोन जातींचे. पहिल्यांना तंत्राचं कुतूहल असतं, आणि त्यांना सरळ उत्तर देता येतं. मोजक्या दृश्यांत खरे वाघ आहेत, बाकीचा सगळा संगणकावर घडवलेला. ते काम ‘रिदम अँड ह्यूज’ या अमेरिकी स्टुडिओचं. त्याची कार्यालयं मुंबई आणि हैदराबादलाही होती. या स्टुडिओने फेब्रुवारी 2013 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि त्याच महिन्यात त्या वाघाला ऑस्कर मिळालं. समारंभाबाहेर दृश्य-परिणामांचे कारागीर निदर्शनं करत होते. आत पुरस्कार घेणारा माणूस स्टुडिओच्या अवस्थेबद्दल बोलू लागला, तर ‘जॉज’मधल्या शार्कचं संगीत वाजवून त्याचं भाषण आटोपतं घेतलं गेलं. चित्रपट तरला, वाघ तरला, वाघाच्या अंगावर एकेक केस रुजवणारे मात्र पाण्यात. म्हण इथेही लावून पाहावी ज्याने त्याने.

दुसऱ्या जातीच्या लोकांचा प्रश्न अवघड आहे. मेक्सिकोतल्या दवाखान्यात जपानी अधिकारी पायची जबानी घ्यायला येतात. वाघाची गोष्ट त्यांच्या गळी उतरत नाही. मग तो दुसरी सांगतो. तिच्यात प्राणी नाहीत. नावेत एक स्वयंपाकी, पाय मोडलेला एक खलाशी, पायची आई आणि पाय. पुढे काय झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, न पाहिलेल्यांना मी सांगणार नाही. माणसं उपाशी असताना काय करतात तेच झालं, एवढं पुरे. बऱ्याच वर्षांनी थोराड पाय, म्हणजे इरफान खान, ऐकायला आलेल्या लेखकाला विचारतो, यातली कोणती गोष्ट तुला जास्त आवडली? लेखक वाघाची म्हणतो. मग देवाचंही तसंच आहे, असं पाय सुचवतो, आणि आपण चष्मे परत करायला निघतो.

माझा एक इंजिनीअर मित्र या जागी भडकतो. त्याच्या मते ही सरळ फसवणूक आहे. वाघाची गोष्ट तासाहून जास्त वेळ, त्रिमितीत, सगळ्या रंगांनिशी दाखवायची, आणि दुसरी एका पोराच्या तोंडून, पांढऱ्या भिंतीपुढे, काही मिनिटांत उरकायची, वर विचारायचं कोणती आवडली! याला निवड म्हणायचं? त्याचं मला पटतं. पण दुसरी गोष्ट खरी कशावरून, असं विचारलं की ‘ती भयंकर आहे म्हणून’ याच्यापुढे त्याच्याकडे कारण नसतं. भयंकर तेवढं खरं, ही पण एक श्रद्धाच झाली. शिवाय जहाज का बुडालं, हे दोन्ही गोष्टींतून कळत नाही. पाय स्वतःच हे त्या लेखकाला सांगतो.

बोट बुडाल्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, त्यामुळे इथून पुढे मी चित्रपटावर फार वेळ टिकणार नाही. मावशीचं सासर रेवसच्या बाजूचं. 17 जुलै 1947 ला, आषाढातल्या अमावस्येला, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत उलटली. बोटीवर सातशेच्या आसपास माणसं, त्यातली सहाशेहून अधिक गेली. वारा-पाऊस झोंबायला लागला तशी माणसं एका अंगाला सरकली, बोट कलली, तेवढ्यात लाट आली. महिन्याभरात देश स्वतंत्र झाला आणि बातमी मागे पडली. किनाऱ्यावरच्या गावांत ती कधीच मागे पडली नाही. त्याआधी, नोव्हेंबर 1927 मध्ये, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या होत्या. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून वर आली म्हणतात, त्यांच्या नावाची बोट काही आली नाही. असं बोलू नये, मावशी रागावते.

‘रामदास’वरून वाचलेल्यांत मावशीचे चुलत सासरे होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. त्यांची गोष्ट ठरलेली असे. पाणी, काळोखी, हाताला लागलेली एक फळी, आणि मग रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेले कोळी. त्यांनी होडीतली मासळी भराभर समुद्रात लोटली आणि त्या जागी माणसं ओढून घेतली. इथे अप्पांचा आवाज चढायचा. पापलेटं किती होती, त्यांचा भाव काय आला असता, हेही ते सांगायचे. शेवटी हात जोडून तीच म्हण. दर वेळी तेच शब्द, त्याच जागी तेच थांबणं. गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झाली होती, देवळाच्या उंबऱ्यासारखी. एकदा कोणा पोराने विचारलं, ‘अप्पा, फळीवर तुम्ही एकटेच होतात?’ अप्पा म्हणाले, ‘चहा टाका कोणीतरी.’ ती पुढची गोष्ट कोणीही कधी ऐकली नाही. कदाचित नव्हतीच. कदाचित ते खरंच एकटे होते आणि त्यांना फक्त चहा हवा होता.

चित्रपटात पाय पहिला मोठा मासा मारतो तेव्हा रडतो, आणि माशाचं रूप घेऊन आल्याबद्दल विष्णूचे आभार मानतो. मावशी तिथे हात जोडून बसली होती. मला रेवसच्या होडीतली मासळी आठवत होती. इकडे देव मासा होऊन आला आणि खाल्ला गेला; तिकडे मासा फेकल्यावर जागा झाली. दोन्हीकडे माणूस वाचला. यातून काही सिद्ध होतं असं वाटून मी बराच वेळ विचार केला. हाती काही लागलं नाही.

वाघाच्या नावाचीही एक दुसरी गोष्ट आहे. 1884 साली ‘मिन्योनेट’ नावाची इंग्लिश नौका बुडाली, छोट्या होडीत चौघं उरले. भुकेने टेकीला आल्यावर त्यांनी सर्वांत लहान, सतरा वर्षांच्या पोराला मारून खाल्लं. त्याचं नाव रिचर्ड पार्कर. खटला गाजला. दोघांना फाशी सुनावली गेली, मग ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. बंदरातल्या लोकांची सहानुभूती मात्र परत आलेल्यांकडे होती. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या यान मार्टेलने हे नाव जाणूनबुजून घेतलं. म्हणजे ज्या क्षणी आपण वाघाला रिचर्ड पार्कर म्हणतो, त्या क्षणी दुसरी गोष्ट पहिलीत येऊन बसलेली असते. (ज्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला, तिच्या प्रास्ताविकात आपलं माथेरान आहे. फसलेल्या आधीच्या कादंबरीची टिपणं तिथून एका बनावट पत्त्यावर पोस्टाने पाठवून दिल्याचं तिथला लेखक सांगतो. मावशीला यातलं एवढंच फार आवडलं.)

तेव्हा अप्पांची म्हण म्हणजे काय होतं? माज नक्की नव्हता. झाकण होतं, असं म्हणावं तर मी माझ्या सोयीने त्यांच्या गोष्टीत काहीतरी लपवून ठेवतो आहे, जे तिथे नसेलही. आणि पायच्या दुसऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवणारा माझा मित्र तरी याहून वेगळं काय करतो? सुरुवातीला मला वाटत होतं की वाघ निवडणारी माणसं भाबडी. आता वाटतं, त्यातली काही पुरतं जाणून निवडत असतील. मावशी कुठल्या प्रकारात मोडते, हे तिच्याशी चाळीस वर्षं बोलूनही मला सांगता येत नाही.

एवढं मात्र म्हणतो: अँग लीने दुसरी गोष्टही तेवढ्याच थाटात दाखवायला हवी होती, तसेच रंग, तोच समुद्र, तीच त्रिमिती घालून. मग विचारायचं होतं कोणती आवडली. तसं केलं असतं तर चित्रपट जगभर एवढा चालला नसता, आणि मीही तो मावशीला दाखवायला नेला नसता. तुम्ही अजून पाहिला नसेल तर जरूर पाहा. फक्त दवाखान्यातलं ते बोलणं सुरू झालं की गाडी काढायला उठू नका. आमच्या रांगेतली निम्मी माणसं तेव्हाच उठली होती.