पांघरणार कोण?

हल्याळला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत आईचे एक इरकली लुगडे होते. आईला जाऊन चार वर्षे झाली. तिच्या ट्रंकेतली बाकीची लुगडी बहिणींनी वाटून घेतली; घडीवर विरलेले हे एक माझ्या वाट्याला आले. नेसायला निकामी आणि टाकायला जीव होत नाही, अशा वस्तूंचे जे होते तेच त्याचेही झाले. कपाटाच्या वरच्या फळीवर, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने ते पडून राहिले.

अशात एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. तो हल्याळचा. 'आमच्याकडच्या सिद्दी बायकांच्या गोधड्या तुम्ही एकदा पाहायलाच हव्यात, सर,' असे त्याने लिहिले होते. झाले! माझ्या डोक्यात कल्पना आली, की आईच्या लुगड्याची तशी एक गोधडी करून घ्यावी आणि काचेच्या चौकटीत घालून बैठकीच्या भिंतीवर लावावी. सौभाग्यवतींना ही कल्पना रुचली नसावी. पण त्या काही बोलल्या नाहीत. मुकाट्याने आपलीही पिशवी भरून माझ्याबरोबर निघाल्या.

बेळगावहून खानापूर, अळणावर करीत बस हल्याळला पोचते. जिल्हा उत्तर कन्नड; दुकानांवरच्या पाट्या कानडी; पण बाजारात उभे राहावे तर चार शब्दांतला एक तरी मराठी कानी पडतो. गाव मागे पडले की सागाचे रान सुरू होते, आणि त्या रानाच्या अधूनमधून सिद्द्यांच्या वाड्या लागतात.

सिद्दी म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे जंजिरा उभा राहतो. निजामशाही सावरून धरणारा मलिक अंबरही मूळचा आफ्रिकेतलाच. ज्यांच्या हाती तलवार आली, त्यांची नावे इतिहासात राहिली. हल्याळ-यल्लापूरकडचे सिद्दी मात्र वेगळ्या वाटेने आले. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतले आणि पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे गुलाम म्हणून तिथे आणली. त्यांतले काहीजण निसटले आणि सह्याद्रीच्या या रानात येऊन राहिले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. घरात बोलतात ती कोकणी, कानडी आणि मराठी शब्दांनी गच्च भरलेली. २००३ साली इथल्या सिद्द्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. त्यांच्या हातात आम्ही पाहिली ती तलवार नव्हे, सुई!

विद्यार्थ्याने आम्हांला ज्या घरी नेले, ते ख्रिस्ती घर होते. साठीच्या घरातल्या एक बाई ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या आणि मांडीवरून खाली जमिनीवर त्यांची कवंदी पसरली होती. आपण जिला वाकळ म्हणतो, कानडीत जिला कौदी म्हणतात, तीच ही इथली कवंदी. खाली एक सबंध जुने लुगडे. त्यावर तुकडे मांडून धावदोरा घालत जायचे. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, कडेकडेने फिरत फिरत आत यायचे आणि मध्यावर येऊन संपवायचे. आधी काढलेला आराखडा नाही, फूटपट्टी नाही. शेजारी चिंध्यांचे गाठोडे; त्यातून हाताला लागेल तो तुकडा उचलायचा, शेजारच्या रंगाशी ताडून पाहायचा, नको वाटला तर परत टाकायचा. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेली त्रिकोणी फुले लावायची. फुलांवाचून कवंदी पुरी होत नाही. ख्रिस्ती घरची कवंदी असेल तर तिच्यावर पुष्कळदा क्रूस असतो. मुसलमानाच्या घरी चंद्रकोर.

"मावशी, सरांना सांगा ना कुठला तुकडा कशाचा ते," विद्यार्थी म्हणाला.

मावशींचे बोट कवंदीवरून फिरू लागले. हा खाकी, थोरल्याच्या शाळेच्या चड्डीचा. ही निळी लुंगी, मालकांची; ते गेले त्या पावसाळ्यात वापरात होती. हा लाल झंपर, धाकटीच्या लग्नातला. हा पांढरा, शेजारणीने दिलेला. ही कवंदी धाकटीच्या येणाऱ्या बाळासाठी होती. ते बाळ आजोबांना पाहणार नव्हते. पण रोज रात्री त्यांच्या लुंगीखाली झोपणार होते.

मला वाटले, आता वेळ आली. मी पिशवीतून लुगडे काढले आणि माझा बेत सांगितला. मावशींनी घडी उलगडली, पदरावरून हात फिरवला आणि विचारले,

"पांघरणार कोण?"

"कोणी नाही. भिंतीवर लावायची आहे."

त्यांनी लुगड्याची पूर्वीसारखीच घडी घातली आणि माझ्या हाती परत दिली. रागाने नव्हे, दुकानदार 'हा माल आमच्याकडे नाही' म्हणतो, तितक्या सहजपणे. "मग कापता कशाला, मास्तर? आईचं लुगडं आहे. असंच ठेवा."

मी निरुत्तर झालो. गोधडीमागची प्रेरणा म्हणजे शिवणारीची आठवण, असे मी आजवर समजत होतो. वर्गातही तशीच भाषा वापरत आलो होतो. मावशी आधी पांघरणारा माणूस पाहत होत्या. तो नसेल तर त्यांच्या लेखी आठवणीला कापड कापण्याचा अधिकार नव्हता. आणि माझी आईसुद्धा आयुष्यभर गोधड्या शिवत आली, ती कुणाला ना कुणाला थंडी वाजत होती म्हणूनच!

तेवढ्यात सौभाग्यवती म्हणाल्या, "आमची मुलगी पांघरेल. जूनमध्ये शिकायला नागपूरला जायची आहे. तिथं थंडी फार."

मावशींचा चेहरा एकदम खुलला. "मग तिचंही काही हवं. नुसतं आजीचं कसं चालेल?"

सौभाग्यवतींनी आपली पिशवी उघडली आणि आतून एक पिवळा परकर काढला. मुलीचा, पाचव्या-सहाव्या वर्षीचा. तो इतकी वर्षे त्यांनी कुठे जपून ठेवला होता, हे मला ठाऊक नव्हते. घरून निघताना त्यांनी तो बरोबर घेतला होता, हे तर मुळीच नाही.

मावशींनी लुगड्याच्या काठाला कात्री लावली आणि दोन्ही हातांनी ते टर्रकन फाडले. मी दुसरीकडे पाहिले.

"पोर उंचीला केवढी?" त्यांनी मला विचारले.

मला नेमके सांगता येईना. सौभाग्यवती उठून उभ्या राहिल्या आणि आपल्या डोक्याच्या चार बोटे वर त्यांनी हात आडवा धरला.