बारावा गडी

दुबळ्यानें बलाढ्याला चीत केल्याची गोष्ट आपणां सर्वांनाच आवडते. अमेरिकेंतील केंटकी राज्यांत डॅनव्हिल नांवाचें गांव आहे. तेथील सेंटर कॉलेजांत १९२१ सालीं ३०० देखील विद्यार्थी नव्हते. पण त्यांच्या फुटबॉल-संघानें त्या हंगामांत साक्षात् हार्वर्डवर चढाई केली. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्यांत पायांपेक्षां हातांनाच काम अधिक. चेंडू बगलेंत मारून प्रतिपक्षाची फळी फोडीत धांवावयाचें, हें त्यांतील मुख्य कौशल्य. आदल्या वर्षीं हार्वर्डनें सेंटरला ३१-१४ असें लोळविलें होतें. पण २९ ऑक्टोबर १९२१ रोजीं सेंटरचा बो मॅकमिलिन ३२ यार्ड धांवत सुटला, आणि त्या एका धांवेवर सेंटरनें सामना ६-० असा जिंकला. पांच वर्षें अजिंक्य राहिलेलें हार्वर्ड हरलें! डॅनव्हिलच्या विद्यार्थ्यांनीं मग गांवांतल्या भिंतींवर रसायनशास्त्रांत शोभावें असें एक सूत्र रंगविलें: सी-६ एच-०.

हा विजय शंभर वर्षांनंतरहि सांगितला जातो, आणि तें योग्यच आहे. पण मला मोह पडतो तो त्याच हंगामाच्या शेवटाचा. सेंटरनें ओळीनें दहा सामने जिंकले आणि अकरावा, २ जानेवारी १९२२ रोजीं डॅलस येथें, टेक्ससच्या ए. अँड एम. कॉलेजाविरुद्ध १४-२२ असा गमावला. त्या सामन्यांत टेक्ससचे गडी एकामागून एक जायबंदी होऊं लागले. ई. किंग गिल नांवाचा विद्यार्थी तेव्हां वार्ताहरांच्या मदतीला वर बसला होता. संघाचे शिक्षक डॅना बायबल यांनीं त्याला खालीं बोलाविलें. त्यानें एका जखमी गड्याचा पोशाख अंगावर चढविला आणि सामना संपेपर्यंत तो मैदानाच्या कडेला उभा राहिला. आंत जाण्याची वेळ त्याच्यावर आलीच नाहीं. 'बारावा गडी' म्हणून त्याचें नांव मात्र त्या कॉलेजांत राहिलें, आणि तेथील विद्यार्थी आजहि सारा सामना उभ्यानें पाहतात.

मी स्वतः कॉलेजांत दोन वर्षें राखीव गडी होतों. संध्याकाळीं घरीं आलों कीं आई विचारी, "आज खेळलास का रे?" मी नुसती मान हलवीत असें, आणि ती माझा न मळलेला सदरा कांहीं न बोलतां धुवावयास घेई. राखीव गड्याची स्थिति मोठी चमत्कारिक असते. त्याला संधि मिळावयाची ती दुसऱ्याच्या दुखापतींतून. मग त्यानें इच्छा तरी कशाची करावी?

आपल्या घरांतूनहि असे बारावे गडी असतात. कोणाचें दुखणें निघालें कीं एखादी आत्या पिशवी भरून तयार बसते. ताप उतरल्याचें कळतें आणि पिशवी पुन्हा रिकामी होते. तिनें काय केलें, असें कोणी विचारलें तर उत्तर एकच: कांहीं नाहीं. पण ती तयार आहे, एवढ्या भरंवशावर घरचीं माणसें रात्र काढतात.

मॅकमिलिनच्या पराक्रमाला आंकडा आहे. तो भिंतीवर लिहितां येतो. गिलच्या वाट्याला तसा आंकडा नाहीं. त्याला कोणी आंत बोलाविलें नाहीं, याचा अर्थ इतकाच कीं, मैदानांतले अकराजण शेवटपर्यंत उभे राहिले. ज्याला आपले सोबती प्रिय आहेत त्याला याहून चांगली बातमी ती कोणती असणार?