बारा ऑगस्टची ओळ

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की आमच्या गल्लीतल्या दुकानदारांचे गिऱ्हाइकाकडे लक्ष नसते. त्यामुळे सहावीत या शाळेत आल्यावर माझा बडी म्हणाला, ‘आमच्या घरी जेवताना मोहन बागानचे नाव काढत नाहीत,’ तेव्हा मला त्यात काहीच विचित्र वाटले नाही. तो जलपाईगुडीचा, म्हणजे ईस्ट बंगालवाला. त्याचे आजोबा फाळणीनंतर मैमनसिंगहून आले. तिकडून आलेल्यांचा क्लब ईस्ट बंगाल आणि इकडच्या मूळ लोकांचा मोहन बागान. एक जिंकला की हिलसा, दुसरा जिंकला की कोळंबी.

मी मोहन बागान निवडला तो केवळ त्याला चिडवायला, हे आता सांगायला हरकत नाही. कारण मात्र मी भारदस्त शोधले होते. १९११ साली आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले, तेव्हा त्यांच्या अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. आपल्या शाळेत हे सांगितले की कोणीही ऐकून घेतो.

मग आमची आकड्यांची लढाई सुरू झाली. प्रेप संपल्यावर दोघेही आपापली वही काढायचो. यातली खरी गंमत अशी की मोजायला कुठून सुरुवात करायची, यावरच सगळे ठरते. अगदी पहिला सामना कोणता, यावरही वाद आहे. काही जण १९२१ च्या कूचबिहार कपातली बरोबरी धरतात, काही जण १९२५ ची कलकत्ता लीग, जी ईस्ट बंगालने १-० जिंकली. माझा बडी अर्थातच १९२५ पासून मोजायचा. त्याच्याकडे १९७५ चा शिल्ड फायनल होता, ईस्ट बंगाल ५-०. शिवाय १९९७ चा फेडरेशन कपाचा उपांत्य सामना होता, सॉल्ट लेकवर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक आणि भाइचुंग भुतियाची हॅटट्रिक, ४-१. माझ्याकडे २००९ चा ५-३ होता, ज्यात एकट्या चिडी एडेने चार गोल केले.

पण माझे आवडते वर्ष २०२०. त्या वर्षी दोन्ही क्लब इंडियन सुपर लीगमध्ये आले. पहिला सामना कोविडमुळे कोलकात्याऐवजी गोव्यात, वास्कोच्या टिळक मैदानावर रिकाम्या स्टँडसमोर झाला. आम्ही २-० जिंकलो आणि पुढे जिंकतच राहिलो. ११ जानेवारी २०२५ चा सामना गंगासागर मेळ्याच्या बंदोबस्तामुळे गुवाहाटीला हलवला होता. त्यात मॅक्लारेनने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला आणि आम्ही तो १-० जिंकलो. सुपर लीगचा हिशेब आता दहा सामने, नऊ विजय, एक बरोबरी असा झाला. गोल तेवीस विरुद्ध पाच. त्यांच्या पाचांतलाही एक आमच्या तिरीने स्वतःच्याच जाळ्यात मारलेला.

दुसऱ्या दिवशी मी हाउसच्या फलकावर तक्ता लावला. मथळा होता, ‘सुपर लीगमध्ये आल्यापासूनचे सर्व सामने’. सुपर लीगचे दहा, शिवाय ड्युरंड कपाचे दोन. एकूण बारा, विजय अकरा, पराभव शून्य. ड्युरंड आपल्या सैन्यदलांचीच स्पर्धा, १८८८ पासूनची, त्यामुळे हाउसमास्तरांना तक्ता फारच आवडला. ‘आकडे असे मांडावेत,’ असे ते सगळ्यांसमोर म्हणाले. माझा बडी शेजारीच उभा होता, पण काही बोलला नाही.

लाइट्स आउटनंतर त्याने विचारले, ‘बारा ऑगस्ट कुठे आहे?’

मी म्हणालो, ‘ड्युरंडचा गटसामना कोण मोजतो?’

‘मग ड्युरंडची फायनल का घेतलीस?’

याला उत्तर नव्हते. १२ ऑगस्ट २०२३ ला नंदकुमारच्या गोलावर ईस्ट बंगाल १-० जिंकला होता. जानेवारी २०१९ नंतरचा तो त्यांचा पहिला विजय, मध्ये ओळीने आठ पराभव. तो शनिवार होता. रविवारी फोनच्या रांगेत मी त्याच्या मागेच उभा होतो. त्याला मिळालेल्या दहा मिनिटांत तो जवळजवळ काहीच बोलला नाही, कारण पलीकडे आजोबा रडत होते. ते मला ऐकू येत होते. म्हणजे ती ओळ मी विसरलो नव्हतो, गाळली होती. जानेवारी २०२४ चा भुवनेश्वरचा सुपर कप सामनाही (ईस्ट बंगाल ३-१) तसाच गाळला होता.

खरे तर ते दोन धरूनही हिशेब चौदा सामने, अकरा विजय, दोन पराभव, एक बरोबरी असाच होतो. (कलकत्ता लीगमध्ये तरुण, राखीव खेळाडू उतरतात, म्हणून ती आम्ही दोघांनी आधीच वगळली होती.) एवढा पुढे असूनही मला शून्यच हवा होता.

पुढचे दोन दिवस तो कामापुरतेच बोलला. बुधवारी पीटीला बडीला खांद्यावर घेऊन धावायचे होते. त्याने मला उचलले, शंभर मीटर धावला, खाली ठेवले आणि रांगेत जाऊन उभा राहिला. रोज तो माझ्या वजनावरून काहीतरी बोलतो.

त्या संध्याकाळी मी हाउसमास्तरांकडे गेलो. शिक्षा होईल असे वाटले होते. त्यांनी विचारले, ‘चुकून राहिले की मुद्दाम?’ मी म्हणालो, ‘मुद्दाम, सर.’ ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘नवा तक्ता कर. त्याच जागी लाव आणि काय बदलले ते खाली लिही.’

खाली लिहिण्याचे काम सगळ्यांत कठीण गेले. ‘यापूर्वीच्या तक्त्यात दोन पराभव मुद्दाम वगळले होते’ एवढेच वाक्य, पण ते वाचायला सीनियर मुद्दाम आमच्या मजल्यावर यायचे. माझ्या बडीने ते वाचले आणि म्हणाला, ‘दमजानोविचचे स्पेलिंग चुकलंय.’ आमचे बोलणे परत सुरू झाले ते असे.

तक्ता अजून आहे, कडा फाटल्यात. १७ ऑगस्ट २०२५ ला ड्युरंडच्या उपांत्यपूर्व सामन्यात दियामान्ताकोसने दोन गोल केले आणि ईस्ट बंगाल २-१ जिंकला. सोमवारी सकाळी मी फलकाकडे गेलो, तेव्हा तो लाल पेन घेऊन उभा होता. त्याने पेन माझ्या हातात दिले. ती ओळ मी लिहिली. अक्षर जरा वाकडे आले आहे.