मोठी अक्षरे, लहान अक्षरे

बँकेच्या फॉर्मवर 'कॅपिटल लेटर्समध्ये लिहावे' अशी एक सूचना असते. तिचे मराठी कुणीतरी 'मोठ्या अक्षरांत' असे करून ठेवले, आणि आमच्या जुन्नर-आंबेगावचा सरळमार्गी माणूस तिचा शब्दशः मान राखत आला आहे. ओतूरकडच्या एका आजोबांनी नाव एवढे मोठे लिहिले, की आडनावाला जन्मतारखेच्या रकान्यात बिऱ्हाड करावे लागले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "साहेब, ह्याच्याहून मोठं पाहिजे असंल तर दुसरा कागद द्या."

आजोबांचे काय चुकले? आपल्या लिपीत हा भेदच नाही. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मीत कोरलेला. त्यात राजा आणि यज्ञात दान दिलेल्या गाई एकाच मापाच्या अक्षरांत आहेत. मान द्यायचा तर आपण 'अहो' म्हणतो, 'राव' लावतो. अक्षर फुगवत नाही. इंग्रजीत मात्र 'मी' नेहमी कॅपिटल आणि 'तुम्ही' एरवी स्मॉल! असो.

माझा भाचा पुण्यात प्रोग्रॅम लिहितो. तो सांगत होता, "मामा, सी भाषेत वाइड कॅरेक्टर असतं." रुंद अक्षर! मला पुन्हा ओतूरचे आजोबा आठवले. पण तसे नाही. जुन्या पद्धतीत एका अक्षराला आठ बिटांची खोली, म्हणजे फार तर 256 चिन्हे. जगातल्या सगळ्या लिपी त्यात मावेनात, म्हणून ऐसपैस खोली बांधली. आता 'अ' 2309 क्रमांकावर सुखाने राहतो. आपण 'जुन्नर' तीन अक्षरी समजतो, पण उकार आणि पाय मोडल्याची खूण धरून यंत्र सहा मोजते.

या रुंद अक्षरांना "तू कॅपिटल का?" आणि "तू स्मॉल का?" असे विचारणारी दोन फंक्शने आहेत. 'अ'ला विचारले तर दोन्हीकडून 'नाही'. 'कॅपिटल हो' म्हटले, तर 'अ' जसाच्या तसा परत. बाणेदार अक्षर! जर्मनांकडे एक 'एस्त्सेट' आहे. त्याचे कॅपिटल करताना पूर्वापार दोन 'एस' लिहीत. पण हे फंक्शन आमच्या कॅशियरसारखे, एक घेऊन एकच देणार. 2017 साली त्या अक्षराला स्वतःचे कॅपिटल रूप अधिकृतपणे मिळाले.

हे सगळे गमतीचे वाटते, पण घोडेगावकडच्या एका आजींची पेन्शन यातच अडकली होती. एका कागदावर नाव सगळे कॅपिटलमध्ये, दुसऱ्यावर फक्त पहिले अक्षर कॅपिटल. यंत्राच्या लेखी कॅपिटल 'ए' 65 आणि स्मॉल 'ए' 97. म्हणजे बायका दोन. एका कचेरीने अर्ज परत धाडला. भाचा म्हणाला, "दोन्ही नावं आधी एकाच केसमध्ये आणायची, मग ताडून बघायची. एका ओळीचं काम." त्या एका ओळीपायी आजींनी एस्टीचे चार हेलपाटे घातले. शेवटी दोन्ही कागदांवर नाव सारखे करून दिले, तेव्हा कुठे पैसे जमा झाले.

पासबुक घेताना आजींनी विचारले, "दादा, नाव तर माझं तेच हाय. मग बारीक कुनी केलं हुतं?"